शामलाबाईचं उतरलेलं वजन

शामला गजभिये तेराव्या वर्षी अंगाने भरली आणि पुढची अठ्ठावीस वर्षं तशीच राहिली. शाळेत खो-खोच्या संघात तिला कोणी घेत नसे. लग्न ठरवायला आलेल्या धम्मानंदच्या आत्याने तिच्यादेखत विचारलं होतं, "पोरीले काही बिमारी तं नाई ना?" धम्मानंद कोळशाच्या खाणीत पंपावर कामाला होता, मुळातच कमी बोलणारा. त्याने आत्याकडे न पाहता होकार दिला आणि संसार कन्हानला सुरू झाला. एक मुलगी झाली, रितिका. ती आता बारावीला होती.

शामला सोळा वर्षं अंगणवाडी सेविका होती. वस्तीतल्या मुलांना खिचडी-उसळ द्यायची, गाणी म्हणवून घ्यायची, आणि दर महिन्याला एकेकाला काट्यावर बसवून वजन नोंदवायचं. या वजनाच्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. रडणारं पोर काट्यावर शांत कसं बसवायचं, आईने झबल्याच्या खिशात काही ठेवलं असेल तर ते कसं ओळखायचं, सगळं तिला ठाऊक होतं. पण रस्त्यावरची माणसं हसून म्हणायची, "पोरायचा आहार कुठं जाते, ते दिसूनच राहिलं." सोळा वर्षांत तिने मूठभर डाळसुद्धा घरी नेली नव्हती. मदतनीस प्रयागबाई अशा वेळी पदर खोचून भांडायला उठे. शामलाच तिला हात धरून आत नेई. त्या दिवशी ती जेवताना दोन पोळ्या कमी खायची, आणि दुपारी एकटी असताना डब्यातले मुरमुरे उभ्यानेच संपवायची.

मागच्या दिवाळीनंतर तिचं वजन उतरायला लागलं.

तिने काहीच केलं नव्हतं. गरोदर बायांसाठी अंगणवाडीत मोठा वजनकाटा होता. मुलं घरी गेली की ती दार लोटून त्यावर उभी राही. दिवाळीत चौऱ्याऐंशी होतं. डिसेंबरात ऐंशीच्या खाली गेलं, संक्रांतीला पंच्याहत्तर, फेब्रुवारीत एकाहत्तर. ब्लाऊज ढगळ झाले. ते आत घ्यायला टाकले तेव्हा शिंपीण म्हणाली, "बाई, ओळखू येऊन नाई राहिल्या तुम्ही." शामला ते वाक्य घरी येईपर्यंत मनात घोळवत राहिली. त्या काही महिन्यांत तिला जितक्या जणांनी छान म्हटलं, तितक्यांनी त्याआधी जन्मात म्हटलं नव्हतं. बैठकीला गेली की इतर सेविका भोवती जमायच्या. धम्मानंदच्या सोबतच्या कामगाराची बायको रस्त्यात थांबवून विचारायची. टोमणे मारणारी माणसं गप्प झाली होती.

पण तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. पहाटेच ती उठून बसायची आणि छाती अशी धडधडायची की जणू कोणी मागे लागलं आहे. स्वयंपाकघरातली फळी सकाळी पुसायची, संध्याकाळी पुन्हा पुसायची. ऐन जानेवारीत, धम्मानंद दोन ब्लँकेटं घेऊन झोपलेला असताना, तिला पंखा हवा असे. भूक तर विचारू नका. सहा पोळ्या खाऊन उठली की तासाभरात पुन्हा डबे उघडायची. मोबाईलमध्ये मुलांची वजनं भरताना बोट थरथरून भलत्याच आकड्यावर पडायचं. एकदा खिचडीत मीठ जास्त झालं म्हणून ती प्रयागबाईवर एवढी ओरडली की मुलं रडायला लागली. नंतर माफी मागितली, पण मागतानाही तिचे हात पदराशी चाळा करतच होते.

सगळ्यांत वाईट म्हणजे, मुलांसोबत खाली बसलं की हात टेकल्याशिवाय उठता येईना. वजन घटलं तर अंग हलकं वाटायला हवं. मांड्यांमध्ये जीवच नव्हता.

एके दिवशी कॉलेजच्या कुठल्याशा फॉर्मसाठी रितिकाने घरच्यांचे फोटो काढले. आईचा फोटो तिने दोनदा काढला, तिसऱ्यांदा काढला.

"आई, तू डोळे फाडून काहून पाहून राहिली?"

"मी साधीच पाहून राहिली."

रितिकाने मोबाईल तिच्यापुढे धरला. चेहरा निमुळता झाला होता, गालाची हाडं दिसत होती, आणि डोळे एखाद्याने दचकवल्यासारखे मोठे होते. शामलाने फोटो पाहिला आणि म्हणाली, "चांगला तं आहे." काहीतरी बिघडलं आहे हे तिला कळत होतं. ते कोणी नाव घेऊन सांगू नये, एवढंच तिला हवं होतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती नणंदेकडे जेवायला गेली. नणंद मोनाली नागपूरच्या प्रताप नगरात राहायची. तिचा नवरा प्रीतम बँकेत होता आणि त्याला बढती मिळाली होती. मोनाली अडतीस वर्षांची, अंगाने जाड, तीन वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या घेणारी. पाहुण्यांची पंगत उठल्यावर ती शामलाला स्वयंपाकघरात घेऊन आली.

"वहिनी, खरं सांगा. काय केलं तुम्ही? मी कोणाले नाई सांगत."

शामलाच्या हातात तेव्हा तिसऱ्यांदा भरून घेतलेली ताटली होती. चार बाया दारात येऊन ऐकायला उभ्या होत्या. आपोआप झालं, असं म्हणणं तिच्या जिवावर आलं. आयुष्यभर वजन आपोआप वाढलं तेव्हा लोकांनी तिला आळशी म्हटलं होतं. आता उतरलं तर त्याचं श्रेय तरी का सोडायचं?

"रात्रीचं जेवण बंद केलं," ती म्हणाली. "सकाळी जिऱ्याचं गरम पाणी. अन् रोज दोन तास चालते."

"रात्री काहीच नाई?"

"काहीच नाई. मन घट्ट केलं की होते, मोनाली."

बाया कौतुकाने पाहत राहिल्या. शामलाने ताटली ओट्यावर ठेवली आणि सगळ्या गेल्यावर पुन्हा उचलली.

तीन आठवड्यांनी सकाळी सातला प्रीतमचा फोन आला. मोनाली न्हाणीघरात पडली होती. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर सेहेचाळीसवर उतरलेली. कपाळाला चार टाके पडले होते. धम्मानंद आणि शामला लगोलग नागपूरला निघाले. पोचले तेव्हा मोनाली सलाईन लावून पडली होती, कपाळाला पट्टी. प्रीतम सांगत होता, डॉक्टर खूप बोलले. गोळी दोन्ही वेळ घ्यायची आणि रात्री पोटात काही घालायचं नाही, हे कोणी शिकवलं म्हणून विचारत होते.

मोनालीने वहिनीचा हात धरला. "मी तुमच्यासारखंच करून राहिली होती. तुम्हाले जमलं. मले काहून नाई जमलं?"

शामलाने हात सोडवून घेतला, कारण तो थरथरत होता. "आराम कर," एवढंच तिला बोलता आलं. मोनालीच्या गोळ्या तिला माहीत होत्या. त्या दिवशी स्वयंपाकघरात बोलताना आठवल्या नव्हत्या, असं ती स्वतःला सांगत होती. खरं तर तिने आठवायचा प्रयत्नच केला नव्हता. परतीच्या वाटेवर बसमध्ये ती तीनदा जागा बदलून बसली. धम्मानंदने विचारलं, "काय होऊन राहिलं तुले?" ती म्हणाली, "गर्मी." मार्च नुकताच लागला होता.

दोन दिवसांनी वजनाचा दिवस होता. वीटभट्टीवरची काजल आपल्या मुलीला घेऊन आली. ही बालाघाटकडची. दर वर्षी पावसाळा संपला की नवऱ्याबरोबर भट्टीवर यायची आणि पुढच्या पावसाआधी गावी परतायची. मुलगी पिंकी, अडीच वर्षांची. जानेवारीत पिंकीचं वजन नऊ किलो सहाशे होतं, फेब्रुवारीत नऊ तीनशे. शामलाने तिला काट्यावर बसवलं. आठ नऊशे. दंडाभोवती पट्टी गुंडाळली, तर खूण लाल, म्हणजे धोक्याच्या भागात आली.

"काजल, मी मागच्या टायमाले सांगतलं होतं ना? नागपूरच्या दवाखान्यात बालकायचा वार्ड आहे. तिथं ठेव चौदा दिवस. खाणं देतात, औषध देतात."

"बाई, खाते ते. दिलं तेवढं खाते. बारीक हाडाची आहे."

"बारीक हाडाची अन् उतरणारी, यात फरक आहे." शामलाचा आवाज चढला. "लेकरू बारीक असन तं असू दे. पण खाऊन-पिऊन दोन महिने सारखं वजन उतरून राहिलं म्हणजे आत काही तरी चालू आहे. ते पाह्यलंच पाहिजे. वाट पाहून जमत नाई."

काजल पिंकीला झबलं घालत होती. तिने मान वर केली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरोखर विचारत होती.

"मंग बाई, तुमचं काहून उतरून राहिलं?"

प्रयागबाई चुलीपाशी होती. तिने झारा खाली ठेवला. खोलीत मुलं कलकलाट करत होती. शामलाने वही पुढे ओढली आणि पिंकीचं वजन लिहिलं. आठाचा आकडा वेडावाकडा आला, म्हणून खोडून पुन्हा लिहिला.

"माह्यं मी पाह्यते," ती म्हणाली. "तू उद्या लेकराले घेऊन जा. मी बी येते. दोघी जाऊ."

आणि खरंच दोघी गेल्या. पिंकीला वार्डात भरती करून शामला त्याच दवाखान्यात मोठ्यांच्या रांगेत उभी राहिली. रांगेत तिला उभंही राहवेना आणि बसवेनाही. तीन बायांना पुढे जाऊ दिलं. तपासणाऱ्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी आधी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग हात पुढे करायला लावून त्यावर एक कागद ठेवला. कागद फडफडला. नाडी मोजली, एकशे चोवीस भरली. गळ्यावर बोटं ठेवून म्हणाल्या, "गिळा." ती गिळताना त्यांनी मान हलवली.

रक्ताचा अहवाल चौथ्या दिवशी आला. थायरॉईडची ग्रंथी नको तितकं काम करत होती.

"चूल रात्रंदिवस मोठ्या जाळावर ठेवली तर जे होईल, ते तुमच्या शरीरात चालू आहे," डॉक्टर म्हणाल्या. "खाल्लेलं जळतं, पुरत नाही म्हणून अंगातलं जळतं. चरबीच गेली असं समजू नका. मांसही गेलंय, म्हणून जमिनीवरून उठता येत नाही. हाडं झिजतात. हृदय असं धावत राहिलं तर एक दिवस ताल सोडेल."

"गोळ्यायनं बरं होते?"

"होतं. नेमाने घ्यायच्या, रक्त तपासत राहायचं. घसा दुखून ताप आला तर मात्र लगेच यायचं."

शामला उठली नाही. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत बसली. "अन् वजन?"

"परत येईल. यायलाच हवं."

"चौऱ्याऐंशी?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या उंचीला चौऱ्याऐंशी जास्तच होतं, ते मी नाकारत नाही. ते कमी करू, खाण्यापिण्याकडे लक्ष देऊन, हळूहळू. पण आधी हे थांबवायचं. हा आजार आहे, बाई. याला कोणी छान म्हटलं म्हणून तो छान होत नाही."

पहिले तीन आठवडे तिने गोळ्या घेतल्या. हात स्थिर झाला. झोप लागू लागली. सकाळी छाती धडधडेना. आणि काट्यावर अडीच किलो वाढले. आत घेतलेले ब्लाऊज काखेत घट्ट झाले. प्रयागबाई अगदी मनापासून म्हणाली, "बाई, आता तब्येत भरून आली तुमची." शामलाला वाटलं, आता पुन्हा ते सगळं. रस्त्यावरचं हसणं, शिंपिणीचं मापाची पट्टी लांबवणं, फोटोत मागच्या रांगेत उभं राहणं. चाळीस वर्षांत पाच महिने मिळाले होते, तेवढेच.

दुसऱ्या दिवसापासून तिने गोळ्या घेतल्या नाहीत. पाकिटं तुरीच्या डाळीच्या डब्यात खाली दडवून ठेवली. धम्मानंदने विचारलं की "घेतली" म्हणायची. एप्रिलभर वजन पुन्हा उतरलं आणि ती पुन्हा भांडी घासायला, पडदे धुवायला, विनाकारण अंगणात येरझारा घालायला लागली. स्वतःवर तिचा इतका राग होता की तो दुसऱ्या कोणावर तरी निघायचा. रितिका तिच्याशी जपून बोलू लागली. ते कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

मे महिन्यात एका बैठकीसाठी ती भरदुपारी शेअर ऑटोने कामठीला निघाली होती. कन्हानच्या पुलावर तिच्या छातीत काहीतरी उलटसुलट झालं. ठोके जोरात पडत होते, पण आता त्यांचा हिशेबच लागत नव्हता. एक पडे, मग नाही, मग तीन लागोपाठ. डोळ्यांपुढे पांढरं झालं. शेजारच्या म्हातारीने तिला कवेत धरलं आणि ऑटोवाल्याला ओरडून सरळ दवाखान्यात घ्यायला लावलं.

तिथून तिला नागपूरच्या त्याच दवाखान्यात हलवलं. चार दिवस ती तारा लावून पडली होती. दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरीण बाई आल्या आणि विचारलं, "गोळ्या चालू होत्या ना?" शामला म्हणाली, "हो." तेव्हा रितिकाने पिशवीतून तीन भरलेली पाकिटं काढून पलंगावर ठेवली. त्यांना डाळीची पांढरट धूळ लागली होती. रितिका बाहेर निघून गेली. डॉक्टरांनी नवीन चिठ्ठी लिहिली आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी इथे असेन, तुम्ही असालच असं नाही."

धम्मानंद उशाशी स्टुलावर बसला होता. दुपारच्या पाळीला जायचं होतं, तरी उठत नव्हता.

"मी तुले पाह्यले आलो तेव्हा तू जाडीच होती," तो म्हणाला. "मले दिसत होतं ना. मी काही आंधळा नोहतो."

"तुम्हाले नाई माहीत लोक काय म्हणतात ते."

"माहीत आहे." त्याने स्टूल पलंगाजवळ ओढलं. "खाणीतले बी म्हणत. माह्यासमोर म्हणत. मी हसून सोडून देत होतो. मले वाटे, भांडलो तं अजून म्हणतील. प्रयागबाई भांडायले उठते अन् मी नवरा असून एक दिवस उठलो नाई. ते माह्यं चुकलं."

शामलाला रडू आलं, पण छातीवरच्या तारांमुळे नर्स धावत येईल म्हणून तिने ते आवरलं. "गोळी द्या," ती म्हणाली. त्याने पाणी ओतलं, गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत पाहत राहिला. मग पाळीला गेला.

घरी आल्यावर तिने मोनालीला फोन केला. रात्रीचं जेवण कधी सोडलं नव्हतं, दोन तास कधी चालली नव्हती, सगळं सांगितलं.

"वहिनी, माह्या कपाळावरची खूण काही जाणार नाई," मोनाली म्हणाली आणि फोन ठेवला. दोन महिने तिचा फोन आला नाही. मग एकदा आला, तो भावाशी बोलायला. फोन ठेवता ठेवता तिने त्याला विचारलं, "वहिनी गोळ्या घेऊन राहिल्या ना?" शामलाने तेवढ्यावर समाधान मानलं.

पिंकी चौदा दिवसांत साडेसातशे ग्रॅमने वाढून वार्डातून आली होती. एप्रिलमध्ये दहाच्या जवळ गेली. जूनच्या पहिल्या आठवड्यात शामला कामावर परतली तेव्हा भट्टी बंद झाली होती आणि काजल गावी निघून गेली होती. पिंकीचं वजनाचं कार्ड प्रयागबाईने तिच्या हातात दिलं होतं, पण गावच्या अंगणवाडीत ते दाखवलंय का, हे कळायला मार्ग नव्हता. काजलचा नंबर लागत नव्हता. शामला अधूनमधून लावून पाहायची.

जुलैत अंगणवाडीत आयांची सभा झाली. विषय आहाराचा होता. शामलाचं वजन तेव्हा शहात्तर होतं आणि तिथेच थोडंफार थांबलं होतं. सकाळी ती अर्धा तास चालायची, खरोखर. पोळ्या तीन, वरण, भाजी, दुपारी मूठभर फुटाणे. नाडी ऐंशीच्या आसपास. सभेत तक्ता लावून तिने बाळांच्या वजनाचं सांगितलं आणि मग तक्ता बाजूला ठेवून स्वतःचं सांगितलं. प्रताप नगरच्या स्वयंपाकघरात काय खोटं बोलली, तेही. "बाई बारीक झाली की तिले छान म्हणायच्या आधी एक डाव विचारा, तुले बरं आहे ना म्हणून. अन् जाडीले बी तेच विचारा. ते बी कोणी विचारत नाई."

एकीने रक्ताची तपासणी कुठे होते ते विचारलं. एकीने आपल्या सासूच्या गळ्याची गाठ सांगितली. सभा संपली, चहा झाला. सगळ्या उठल्या तेव्हा कोपऱ्यातली जिजाबाई थांबली आणि शामलाजवळ येऊन हळूच म्हणाली,

"सगळं बराबर आहे, बाई. पण तवा तुम्ही दिसत मात्र लय छान होत्या."

शामलाने तिच्याकडे पाहिलं. रागावायला हवं होतं. पण हेच वाक्य रोज सकाळी गोळी हातात घेतल्यावर तिच्या स्वतःच्या मनात यायचं. "हो," ती म्हणाली, "दिसत होती," आणि सतरंजीचं एक टोक जिजाबाईच्या हातात दिलं.